ओटीतला सेनापती

जगात जुने चाकू खऱ्या अर्थाने ओळखणारी माणसं तीनच, असं पेंढरकर म्हणत. एक शेफील्डला होता, तो वारला. दुसरा जर्मनीत आहे, पण त्याला आता दिसत नाही. तिसऱ्याचं नाव ते विनयाने घेत नसत. नुसता चष्मा कपाळावर सरकवून स्वतःच्या टकलावरून हात फिरवत, म्हणजे समोरच्याने काय ते समजून घ्यायचं!

दत्तात्रय पेंढरकर हे गार्डन रीचला रेल्वेत अधिकारी. बदली होऊन कोलकात्याला आले तेव्हा सोबत पत्नी शकुनताई, मुलगी केतकी आणि एक बिनकामाचा सुरी-काटा एवढंच सामान होतं. आता घरात खिशात मावणारे, मिटणारे, जुने चाकू इतके झाले होते की शकुनताईंना हिंगाची डबी उघडायचीसुद्धा धास्ती वाटे. मोज्यात चाकू, चहाच्या डब्यात चाकू, देवघराच्या खणात वातींच्या शेजारी चाकू! कांदा चिरायला मात्र घरात एकच विळी, कारण बाकीच्या कुठल्याही पात्याला कांदा लावणं म्हणजे पेंढरकरांच्या मते पणजोबांना भांडी घासायला लावण्यासारखं होतं.

ओळखण्याची त्यांची पद्धतही स्वतंत्र होती. आधी चाकूचा वास घ्यायचा. मग तो कानाशी धरून मिटायचा आणि 'टक्' कसा वाजतो ते ऐकायचं. भिंग शेवटी, निव्वळ खात्रीपुरतं. एकदा कुणाकडे जेवायला गेले असता आतल्या खोलीतून 'टक्' असा आवाज आला, आणि पेंढरकर वरणभात कालवता कालवता म्हणाले, "जर्मन. युद्धाआधीचा." पाहतात तर न्हाणीघराची कडी! माणूस दुसरा असता तर ओशाळला असता. पेंढरकरांनी भिंग लावून कडी तपासली आणि ती जर्मन असल्याचं जाहीर केलं. यजमानांनी कडी काढून अजून जपून ठेवली आहे, न्हाणीघराला दोरी बांधतात.

या सगळ्या संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे सेनापती. एस्प्लनेडच्या फुटपाथवर, जुनी कुलपं आणि बिनकाचेचे चष्मे यांच्या ढिगात तो त्यांना सापडला. सांबरशिंगाची मूठ आणि दोन पाती. मोठं पातं उघडे, पण वापरून वापरून त्याच्यावरचा ठसा पार पुसलेला. धाकटं पातं गंजून असं बसलेलं की उघडतच नव्हतं. कारखान्याचं नाव असलंच तर त्या धाकट्या पात्यावर, आतल्या बाजूला.

जोर लावून पाहा की, असं कुणी सुचवलं तर पेंढरकर दुखावत. "म्हाताऱ्या माणसाला दमदाटी करून बोलतं करतात का? त्याच्या मनात येईल तेव्हा उघडेल."

तोवर सेनापतीच्या वतीने तेच बोलत. शेफील्ड, सुमार अठराशे नव्वद. हुगळीत जहाजं वळवणाऱ्या एका गोऱ्या नावाड्यासाठी खास घडवलेला. पुढच्या वर्षी नावाड्याचा कप्तान झाला. गेल्या गणेशोत्सवात तर कप्तानाने डायमंड हार्बरजवळ याच चाकूने मगरीच्या जबड्यातून आपला पाय सोडवला, आणि इथल्या मराठी मंडळातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्यावर मगरी दोन झाल्या.

असं सगळं सुरळीत चाललं असताना केतकीचं लग्न मध्ये आलं.

खरं तर ते एकदा येऊन गेलं होतं. पुण्याहून मंदार नावाचा मुलगा आई-वडिलांसह पाहायला आला होता. बोलणी रंगात आली आणि मंदारच्या आईंनी सहज विचारलं, तुम्हाला छंद वगैरे काही? पेंढरकर उठले, आत गेले, आणि तीन उघडे चाकू दोन्ही हातांत घेऊन हसत हसत बाहेर आले. त्या बाईंना कांदा हुंगवावा लागला. पुण्याला पोचल्यावर त्यांनी पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं. पत्रिका कुणी दिलेलीच नव्हती.

त्यानंतर केतकीने आपलं आपण पाहिलं. सेक्टर फाइव्हमधल्या तिच्याच ऑफिसातला अनिर्बाण मैत्र. मुलगा सालस, बागबाजारला जुनं घर, वडील निखिलेशबाबू धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घरात शेवटचा शब्द मात्र आजींचा, म्हणजे सगळ्यांच्या ठाकुमाचा. त्यांनी हो म्हटलं तर हो. दुर्गापूजा आटोपली, हवेत जरा शिरशिरी आली, आणि मैत्रांकडून रविवारी दुपारी जेवायला या असं बोलावणं आलं.

केतकीने बापाला काही बजावलं नाही. रविवारी सकाळी ती फक्त म्हणाली, "बाबा, मला हा मुलगा हवाय." एवढं बोलून ती पुढे निघून गेली, मैत्रांकडे मदतीला.

बजावण्याचं काम शकुनताईंनी केलं. चाकूतला 'चा' सुद्धा तोंडातून निघता कामा नये. चहा मागायचा तरी 'पेय' म्हणा.

पेंढरकरांनी शपथ घेतली. ती घेताना त्यांच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता: धातुशास्त्र! ज्या माणसाने उभी हयात पोलादाशी बोलण्यात घालवली, त्याच्याकडे जायचं आणि सेनापतीला घरी ठेवायचं? काही बोलायचं नाही. जेवण झाल्यावर, लग्न ठरल्यावर, सुपारी खाताना खिशातून आपसूक बाहेर येईल. त्यात शपथ कुठे मोडते?

पण शकुनताई संसाराला मुरलेल्या होत्या. निघायच्या वेळी त्यांनी पेंढरकरांना दारात उभं केलं आणि विमानतळावर घेतात तशी झडती घेतली. सदऱ्याचा खिसा, आतला खिसा, मोजे, चष्म्याचं घर. काही निघालं नाही. त्या समाधानाने म्हणाल्या, "शहाणे झालात."

पेंढरकर शहाणे झाले होतेच. झडती होणार हे ओळखून त्यांनी सेनापतीला घरातल्या एकमेव अशा जागी ठेवलं होतं, जिथे शकुनताई बघणार नाहीत. ती जागा म्हणजे खुद्द शकुनताईंनी भरलेली पिशवी! विहीणबाईंची ओटी भरायला त्यांनी नारायणपेठी, खण, नारळ आणि खणाच्या कापडाच्या बटव्यात तांदूळ घेतले होते. सेनापती त्या तांदळात तळाशी झोपला होता. शिवाय तांदळात लोखंड गंजत नाही, हाही विचार होताच. टॅक्सीत हळूच काढून घ्यायचा की झालं!

टॅक्सीत शकुनताईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि वर दोन्ही हात ठेवले, ते हात एस्प्लनेडपर्यंत हलले नाहीत. एस्प्लनेडला पुढून मिछिल, म्हणजे मोर्चा, निघालेला. लाल झेंडे की हिरवे ते दिसेना इतकी गर्दी. टॅक्सीवाल्याने इंजिन बंद करून वर्तमानपत्र काढलं. शकुनताई म्हणाल्या, उतरा, मेट्रोने जाऊ.

पेंढरकर जिन्याशी पोचले आणि त्यांना खाली सामान तपासायचं यंत्र दिसलं. तांदळाच्या पोटातला सेनापती पडद्यावर कसा दिसेल याचं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पुढे वर्तमानपत्रात आपला फोटो, शेजारी नारळाचा.

"मी नाही येत," ते म्हणाले. "मला गाडीत बसायची भीती वाटते."

"तुम्हाला?"

"जमिनीखाली गुदमरतं."

शकुनताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. तीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस! पण मुलीच्या लग्नाच्या विचाराने बापांचं असं काहीतरी होतं हे त्यांनी ऐकलं होतं. त्या बसकडे वळल्या.

बस कसली, लोणच्याची बरणी होती. पेंढरकर एका खांबाला, शकुनताई दुसऱ्या. आणि कोलकात्याच्या बसमध्ये एक रीत आहे: बसलेला माणूस उभ्या माणसाची पिशवी न मागता मांडीवर घेतो. खिडकीजवळच्या एका जाड भिंगांच्या बाईंनी शकुनताईंच्या हातातली पिशवी घेतली आणि डोळे मिटले.

हीच वेळ! पेंढरकर गर्दीतून तिरके सरकले, वाकले, आणि त्यांनी दोन बोटं हळूच बटव्याकडे नेली. बाईंनी डोळे उघडले. पुढे जे झालं ते पेंढरकरांनी मंडळात कधीच सांगितलं नाही. 'पॉकेटमार' हा शब्द त्या बसमध्ये पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत वाऱ्यासारखा गेला आणि कंडक्टरच्या हातात पेंढरकरांची कॉलर घेऊन परत आला. शेवटी शकुनताईंना सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं की हा माणूस आपलाच आहे.

"काय हवं होतं पिशवीतलं?" उतरल्यावर त्यांनी विचारलं.

"नारळ नीट आहे का बघत होतो."

शकुनताईंनी पिशवी छातीशी धरली, ती थेट मैत्रांच्या दारापर्यंत.

मैत्रांचं घर अगत्याचं होतं. हिरव्या झडपांच्या खिडक्या, जिन्यात कुंड्या, आणि आतून येणारा तळलेल्या माशांचा घमघमाट. निखिलेशबाबू उंच, हळू बोलणारे, हसताना फक्त भुवया उडवणारे. त्यांच्या पत्नी काकोलीदेवींनी शकुनताईंचे हात हातात घेतले. ठाकुमा खिडकीपाशी आरामखुर्चीत बसल्या होत्या. पांढरी साडी, पदराच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा, आणि नजर अशी की पेंढरकरांना आपली पुन्हा झडती होते आहे असं वाटलं.

निखिलेशबाबूंनी गंमत म्हणून सांगितलं की आमच्या या बागबाजारापासूनच तो मराठ्यांसाठीचा खंदक सुरू होत असे. तुमचे घोडेस्वार बर्गी येतील म्हणून आमच्या लोकांनी खणला, आणि बर्गी काही शहरात आलेच नाहीत. आईला लहानपणी त्यांचीच भीती घालून झोपवायचे. आज पहिल्यांदाच मराठे घरात आलेत! सगळे हसले. ठाकुमा हसल्या नाहीत. केतकीचा चहा सांडला.

जेवणाआधी ओटी भरायची असं शकुनताईंनी ठरवलं होतं. केतकीने सगळ्यांना समजावून सांगितलं: ही आमच्याकडची रीत, घरच्या लक्ष्मीला तांदूळ आणि नारळ देतात, पदर पुढे करायचा. काकोलीदेवी हौसेने पाटावर बसल्या, पदर पसरला. शकुनताईंनी कुंकू लावलं, पदरात खण-नारळ ठेवला. बटवा सोडला.

पेंढरकरांनी खोकून पाहिलं. मग उठून, ओटी मीच भरतो, असं म्हणून पाहिलं. शकुनताईंनी दातांतल्या दातांत त्यांना बसा म्हटलं.

पहिली ओंजळ गेली. दुसरी गेली. पेंढरकरांनी डोळे मिटून कुलदैवताला नवस बोलायला सुरुवात केली. तळाशी हात पोचू देऊ नकोस, एवढाच. तिसरी ओंजळ वर आली, बोटांच्या फटींतून तांदूळ गळला, आणि सेनापती होणाऱ्या विहीणबाईंच्या पदरात थेट नारळावर जाऊन आपटला.

टक्.

घरात एवढी शांतता झाली की स्वयंपाकघरात मासासुद्धा तळायचा थांबला. काकोलीदेवी पदराकडे पाहत होत्या. अनिर्बाण केतकीकडे, केतकी बापाकडे. निखिलेशबाबूंच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. आणि पेंढरकरांना स्वच्छ दिसलं की मुलीने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, ती आपण तांदळात पुरून आणली आणि मोडली.

पहिल्यांदा बोलल्या त्या ठाकुमा. काठीने पदराकडे खूण करत त्यांनी बंगालीत काहीतरी विचारलं. केतकीने घाबऱ्या आवाजात आईला सांगितलं, "त्या विचारताहेत, हे लोखंड नवऱ्यामुलासाठी आहे का?"

कारण त्यांच्याकडेही तसंच असतं, ठाकुमा सांगत होत्या. हळद लागली की लग्न होईपर्यंत नवऱ्यामुलाने हातात लोखंड ठेवायचं, अडकित्ता. दृष्ट लागत नाही. मराठ्यांतही ही रीत आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

शकुनताईंनी पेंढरकरांकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत घरी गेल्यावरचं सगळं होतं. मग वळून, चेहऱ्यावर साय पसरावी तसं हसू आणून त्या हिंदीत म्हणाल्या, "आमच्यात नवरदेवाच्या हातात कट्यार देतात. तिच्या टोकाला लिंबू टोचतात. हल्ली कट्यार कुठली मिळायला? म्हणून ह्यांनी आपल्याकडचा सगळ्यात चांगला चाकू आणला. बोलले नाहीत, लाजतात."

ठाकुमांचा चेहरा उजळला. बर्गी येणार म्हणून लहानपणी झोपवलेली ती बाई, आणि बर्गी शेवटी आले ते नातवाची दृष्ट काढायला! त्यांनी लगेच हुकूम सोडला: गच्चीवरच्या कुंडीतला गंधराज लिंबू आणा.

पेंढरकर कासावीस झाले. लिंबू? सेनापतीला? त्या पात्यावरची करडी-निळी झाक चढायला शंभर वर्षं लागली होती. ती उतरवायला लिंबाला एक दुपार पुष्कळ! एवढ्यात अनिर्बाण धावत लिंबू घेऊन आलाही. निखिलेशबाबूंनी मोठं पातं उघडलं आणि, धातुशास्त्राचा प्राध्यापक असूनही, लिंबू टोकाला खचकन टोचलं. रस पात्यावरून ओघळत मुठीपर्यंत आला. सगळ्या घरभर सुगंध पसरला.

पेंढरकरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

काकोलीदेवी गहिवरल्या. मुलीचा बाप शेवटी, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी पेंढरकरांच्या तोंडात संदेश नावाची छेन्याची मिठाई भरवली. निखिलेशबाबूंनी पाठीवर हात ठेवला. केतकीसुद्धा रडू लागली, कारण बापाला तिने असं कधी पाहिलं नव्हतं. शकुनताई तेवढ्या कोरड्या होत्या.

तोंडातला संदेश विरघळताच पेंढरकरांनी अखेरचा डाव टाकला. चाकूच्या शौकिनांत एक नियम आहे, त्यांनी सांगितलं. चाकू कुणाला फुकट देऊ नये आणि कुणी फुकट घेऊ नये. नातं कापलं जातं. तेव्हा आज तो मी परत नेतो, आणि पुढे कधीतरी रीतसर...

केतकीने भाषांतर करायला थोडा वेळ लावला, पण केलं. ठाकुमांनी मान डोलावली. अगदी खरं आहे, त्या म्हणाल्या, आमच्याकडेही फुकट घेत नाहीत. आणि त्यांनी पदराची गाठ सोडून त्यातून एक रुपयाचं नाणं काढलं.

नाणं मात्र त्यांनी लगेच दिलं नाही. त्यांची नजर त्या बसलेल्या धाकट्या पात्यावर गेली होती. नातवाच्या हातात अर्धवट उघडणारी वस्तू जायची नाही! त्यांनी वाटीभर मोहरीचं तेल मागवलं, सांध्यात दोन थेंब सोडले, रुपयाची कड पात्याच्या खाचेत घातली आणि मनगटाला एक हिसका दिला. पेंढरकर ओरडायच्या आत सेनापती उघडला.

पातं आतून कोरं करकरीत होतं. आणि त्याच्या बुडाशी ठसा होता. स्पष्ट, खोल, अक्षर न् अक्षर शाबूत! पेंढरकर लिंबू विसरले, लग्न विसरले. चष्मा वर, भिंग डोळ्याला. शेफील्ड, ते पुटपुटले, आता बघा, शेफील्ड...

अक्षरं बंगाली होती.

निखिलेशबाबूंनी भिंग मागून घेतलं आणि मोठ्याने वाचलं: "कुंतलबांधव केशतैल. सप्रेम भेट."

ठाकुमा खुदकन हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. कुंतलबांधव! त्यांच्या सासऱ्यांकडे यायचं ते. मोठी बाटली घेतली की चाकू फुकट. सासरे चाकूसाठी बाटल्या घेत राहिले. केस गेले, चाकू राहिले. पुढे ती कंपनीही गेली.

"जाणारच," निखिलेशबाबू गंभीरपणे म्हणाले. "चाकू फुकट दिले ना. नातं कापलं गेलं."

ठाकुमांनी रुपया पेंढरकरांच्या तळहातावर ठेवला. मग त्यांच्या टकलाकडे मायेने पाहत केतकीला काहीतरी विचारलं. केतकी लाल झाली आणि म्हणाली, "बाबा, त्या विचारताहेत, तुमच्याकडेही तेच तेल येत होतं का?"

त्यावर जो हशा उठला तो खंदकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेला असावा. सगळ्यात मोठ्याने केतकी हसत होती, आणि तिच्याकडे पाहता पाहता पेंढरकरांनाही हसू फुटलं. मग सगळे जेवायला बसले. माशाचं डोकं मानाने पेंढरकरांच्या पानात आलं, आणि ते संपायच्या आत फाल्गुनातली तारीख ठरली.

परतताना पेंढरकर न सांगता मेट्रोचा जिना उतरले. शकुनताईंनी गुदमरण्याबद्दल विचारलं नाही. पिशवी यंत्रातून गेली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता काय, नुसता मोकळा बटवा."

मंडळात सेनापतीची चौकशी होणार हे उघड होतं. पुढच्याच सभेत कुणीतरी विचारलं. पेंढरकरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"दिला," ते म्हणाले. "बागबाजारचं एक जुनं घराणं. पिढ्यान् पिढ्या तो प्रकार त्यांच्याकडे वापरात होता. त्यातल्या जाणकार बाईंनी हातात घेतला आणि एका हिसक्यात ओळखला. सोडायलाच तयार होईनात. किंमत मात्र विचारू नका. तसं ठरलंय."

सभेत कौतुकाची कुजबुज झाली. शकुनताई मागे चहाचे कप मांडत होत्या.

"रोख मिळाली हो," त्या म्हणाल्या. "आणि तीही सुट्ट्यात."